झोप लागता मा?

वेंगुर्ला, २६ मे

सकाळी शेजारच्या काकींकडे रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायला बसले. पाऊस तोंडावर आलाय, त्याआधी सोलं वाळायला हवीत. साल एका पातेल्यात, बिया आणि गर दुसऱ्यात. पहिली टोपली संपेपर्यंत माझे हात मनगटापर्यंत लाल झाले होते. काकी सुरीवरची नजर न उचलता म्हणाल्या, "गो बाय, इचार थांबणतच नाय. रात्री पंख्याकडे बघित पडान रवतंय."

माझा हात थांबला. हेच मी झिंबाब्वेतल्या हरारेत, मानसिक आरोग्याचं काम करताना ऐकायचे, तिथल्या शोना भाषेत. तिथे त्याला 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे अति विचार करणं. झिंबाब्वेत तुम्ही कुणाला 'डिप्रेशन आहे का' विचारलंत तर मान नकारार्थी हलेल. 'कुफुंगिसिसा होतं का' विचारलंत तर माणूस बोलू लागतो.

तिथले मानसोपचारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये हरारेच्या म्बारे वस्तीत १४ आज्यांना घेऊन काम सुरू केलं. दवाखान्याच्या आवारात एक लाकडी बाक, त्यावर आजी आणि बोलायला आलेलं माणूस. आधी त्याचं नाव 'मानसिक आरोग्याचा बाक' होतं आणि कुणी फिरकेना. 'मैत्रीचा बाक' हे नाव सुचवलं ते आज्यांनी. पुढे हरारेतल्या २४ दवाखान्यांत, ५७३ लोकांवर पद्धतशीर चाचणी झाली. २०१६ मध्ये निष्कर्ष छापून आले: सहा महिन्यांनंतर बाकावर बसलेल्यांचा त्रास इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी होता. आज्यांच्या कामाची पहिली पायरी म्हणजे 'कुवुरा फुंग्वा', मन उघडणं. मग सगळ्या अडचणींतून एकच निवडायची आणि तिच्यासाठी या आठवड्यात काय करता येईल ते त्या माणसानेच ठरवायचं. सल्ला द्यायची घाई नाही. मी पदवी घेऊन गेले होते, पण गप्प बसायला त्या आज्यांनी शिकवलं.

तरी नंतर नेदरलँड्समधल्या उत्रेख्तला मी चुकलेच. एक सीरियन बाई पुन्हापुन्हा म्हणायची, "नफसीती ताबाने." दुभाषाने 'नैराश्य' असा शब्द दिला आणि मी तो फायलीत लिहून टाकला. चार भेटींनंतर कळलं, ती म्हणत होती की जीव थकलाय. जीव थकणं! हा शब्द तर माझ्या आईच्या तोंडी रोज असायचा. माझ्याच भाषेत तिचं दुखणं जसंच्या तसं बसत होतं आणि मी ते इंग्रजीतून शोधत होते. आजही ती फाईल आठवली की वाईट वाटतं.

इथे तर शब्दाआधी भीतीच उभी असते. रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ पासूनचं. पण 'रत्नागिरीक धाडूक व्हया' हे कोकणात आजही टोमण्यासारखं म्हणतात, मग झोप येत नाही हे कोण सांगणार? म्हणून काकींनी रातांब्यांकडे बघत सांगितलं. समोरासमोर बसवून, हातात प्रश्नावली घेऊन मी विचारलं असतं, तर 'तसा काय नाय' म्हणून उठल्या असत्या.

मी त्यांची डॉक्टर नाही, शेजारीण आहे, आणि तेवढंच राहायचं ठरवलंय. भिंतीवरच्या कॅलेंडरवर १४४१६ मोठ्या अक्षरात लिहून दिला: टेली-मानस, मनाच्या त्रासासाठीची फोनसेवा, सरकारी, फुकट, दिवसरात्र, मराठीतही बोलतात. पुढच्या आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात सोबत जायचंही ठरलं.

मग आज्यांसारखं विचारलं, "काकी, एवढ्या सगळ्यात आधी काय टोचतं?"

बराच वेळ फक्त सुरीचा आवाज. मग म्हणाल्या, "झील." मुलगा बोटीवर आहे, आखातात. "फोनार बरो आसंय म्हणता, पण आवाज बरो नाय."

"तुम्ही त्याला काय विचारता?"

"जेवलंस मा, म्हणान."

"आणि?"

त्यांनी हातातला रातांबा पातेल्यात टाकला. "जेवलंय म्हणता. संपला." थोडं थांबून त्या स्वतःशीच पुटपुटल्या, "झोप लागता मा, म्हणान इचारूक व्हया." पुन्हा एकदा म्हणून बघितलं, हळू आवाजात, जणू तो पलीकडे ऐकत होता.

रविवारी त्याचा फोन येतो. दुसरी टोपली आज अर्धीच झाली, उद्या सकाळी परत जायचंय. जाताना मीठ न्यायचंय, त्यांचं संपत आलंय.