सीएसमधला चाकू विकला आणि बँकेत अडकलो

विकायला काही त्रास नाही, हे आधीच सांगतो. काउंटर-स्ट्राइक २ (सीएस) या व्हिडिओ गेममधला एक डिजिटल चाकू माझ्याकडे बरीच वर्षं पडून होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये गेम बनवणाऱ्या व्हॉल्वने पाच लाल स्किन (गेममधल्या शस्त्रांची दुर्मिळ डिजिटल रूपं) देऊन चाकू मिळवायची सोय केली आणि चाकूंचे भाव धाडकन आपटले. जरा सावरल्यावर म्हटलं, आता काढून टाकू. स्टीमच्या, म्हणजे व्हॉल्वच्याच ऑनलाइन गेम दुकानाच्या, मार्केटवर विकला तर घेणाऱ्याच्या ११५ रुपयांतले १०० आपले, आणि तेही स्टीम वॉलेटमध्येच पडून राहणार, बँकेत येणार नाहीत. मला गाडीचं डाउन पेमेंट भरायचं होतं. म्हणून ग्रुपवरचं पुण्याचं गिऱ्हाईक धरलं, भाव ठरला ३८,०००. जुलै २०२५ पासून वस्तू देणाऱ्याला सात दिवसांच्या आत ट्रेड (गेममधल्या वस्तूची देवघेव) उलटा फिरवता येतो, त्यामुळे त्याने अर्धे आधी आणि अर्धे सात दिवसांनी देईन म्हटलं. बरोबरच होतं त्याचं. दोन्ही हप्ते त्याच्याच नावाच्या यूपीआयवरून वेळेत आले. विषय संपला.

नंतर एक दिवस विश्रामबागला पंपावर क्यूआर मारला तर पेमेंट फेल. परत मारला, परत फेल. खात्यात पगार होता. मागे गाड्यांची रांग, पंपावरचा पोरगा म्हणतोय, "दादा, कॅश द्या की." मित्राला फोन लावून पैसे मागवले.

बँकेत कळलं ते असं. कुठल्या तरी दुसऱ्या राज्यात एका माणसाला ऑनलाइन गंडा बसला. त्याने १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करून तक्रार दिली. तिथून चोरीचे पैसे ज्या ज्या खात्यांतून फिरले, ती सगळी साखळी निघते, आणि प्रत्येक पायरीला 'लेअर' म्हणतात. माझ्या गिऱ्हाइकाने त्याची कुठली तरी स्किन विकली होती, ते पैसे त्या साखळीतले निघाले, आणि त्यातलेच पुढे माझ्याकडे आले. म्हणजे नाव जुळवून पैसे घेतले तरी नावामागे काय आहे ते आपल्याला दिसत नाही.

इथपर्यंत ठीक. पण तक्रारीतली माझ्या वाट्याची रक्कम होती १२,५००, आणि बँकेने डेबिट फ्रीज केलं (पैसे काढणं बंद) अख्खं खातं! पगार आत, हप्ता बाउन्स, त्याचा दंड वेगळा. "मॅडम, १२,५०० अडकवा, बाकीचे सोडा की." त्या म्हणाल्या, "वरून आलंय, आमच्या हातात नाही." वर म्हणजे कुठे, तर हेड ऑफिस. हेड ऑफिसच्या नंबरवर फोन लावला की म्हणे ब्रँचला भेटा. हे चक्र किती चाललं ते आठवलं तरी अजून डोकं फिरतं. मध्येच जेवणाची सुट्टी, मध्येच 'सिस्टीम स्लो आहे', मध्येच मॅडम रजेवर आणि त्यांच्या जागी बसलेल्यांना पहिल्यापासून सगळं सांगा.

आणि सांगायचं काय? "हे पैसे कशाचे?" "चाकू विकला." काउंटरच्या मागच्या साहेबांनी कॉम्प्युटरवरून मान वर केली. "कसला चाकू? लायसन आहे का?" गेममधला म्हटलं, तर "मग वस्तू दिली कुठे? बिल दाखवा." शेवटी समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे स्टीमच्या ट्रेड हिस्टरीची रंगीत प्रिंट काढली. त्यात तारीख, वेळ, चाकूचं चित्र आणि घेणाऱ्याचं प्रोफाइल सगळं येतं. बँक स्टेटमेंटमध्ये त्या दोन नोंदींना पिवळा मार्कर लावला. मग कुठे साहेबांना पटलं की काहीतरी खरंच विकलंय. अर्जात चाकू हा शब्द अजिबात लिहू नका. 'व्हिडिओ गेममधील डिजिटल वस्तूची विक्री' लिहा. पोलिसांना पाठवायच्या मेलमध्ये तर नकोच.

बँकेकडून तोंडी काही घेऊ नका. तक्रारीचा अॅक्नॉलेजमेंट नंबर, अडकलेली रक्कम, व्यवहाराचा यूटीआर (बँकेचा व्यवहार क्रमांक) आणि तपास अधिकाऱ्याचा मेल आयडी, एवढं लेखी मागा. ते द्यायलाच बँकेने मला सगळ्यात जास्त रखडवलं. ते मिळाल्यावर त्या पोलिसांना मेल केला, सोबत चॅट, ट्रेड हिस्टरी, स्टेटमेंट, आधार, पॅन. तिकडचे साहेब फोनवर हिंदीत बोलले आणि खरं सांगायचं तर आमच्या ब्रँचपेक्षा नीट बोलले. एकदाही चाकूवरून हसले नाहीत.

अख्खं खातं सुटलं ते मात्र पोलिसांमुळे नाही. केरळ हायकोर्टाने २०२३ मध्ये सांगितलंय की संशयित रकमेपुरतीच रोक लावावी. त्या निकालाची प्रत अर्जाला जोडली, माझ्या कॉपीवर पोचेचा शिक्का मारून घेतला, आणि खाली लिहिलं की ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन. शिक्का मारताना मॅडमनी ती ओळ वाचली. त्यानंतर फ्रीज निघालं, १२,५०० वर फक्त लीन (तेवढ्याच रकमेवर रोक) राहिलं. ज्या कामाला 'आमच्या हातात नाही' म्हणत होते ते झालं की नाही! त्या दिवशी घरी येताना मी स्वतःवर फार खूश होतो. १२,५०० नंतर त्या पोलिसांचं पत्र बँकेला आल्यावर सुटले.

पुण्याच्या गिऱ्हाइकाशी भांडलो नाही. त्याचंही खातं अडकलं होतं आणि त्याने त्याच्या बाजूचे चॅट लगेच पाठवले, ते कामाला आले. त्यामुळे विक्री झाली की चॅट डिलीट करू नका, समोरच्यालाही करू देऊ नका. स्टीम सपोर्टला लिहायचा विचार असेल तर सोडा, असल्या बाहेरच्या पैशाच्या व्यवहारात ते पडत नाहीत. पगाराच्या खात्यात असले पैसे घेऊ नका, त्यासाठी वेगळं बचत खातं ठेवा. आणि लीन निघाल्याचा मला मेसेज आलाच नव्हता, त्यामुळे अॅपमध्ये अव्हेलेबल बॅलन्स आणि एकूण बॅलन्स सारखा झाला का ते आपणच बघत राहायचं.