भर पावसात गिओन

17 जुलै 2015. वादळ जपानच्या शिकोकू बेटावर धडकलेलं, तरी क्योतो शहरातली गिओन उत्सवाची रथांची मिरवणूक निघालीच. मला त्याचं फार कौतुक वाटलं. 869 साली रोगराई हटावी म्हणून सुरू झालेला उत्सव पावसाला काय भिणार! रथांच्या जुन्या भरजरी पडद्यांवर पारदर्शक प्लास्टिक चढवलेलं, ओढणारे नखशिखांत चिंब. शिजो-कावारामाची चौकात लाकडी चाकांखाली बांबूच्या ओल्या पट्ट्या अंथरल्या. चाकं वळत नाहीत, म्हणून रथ त्यांवरून आडवा घसरवतात. पुढे उभ्या माणसांनी पंख्यांनी इशारा केला, सगळ्यांनी एकदम दोर खेचले आणि दहा टनांहून जड रथ करकरत वळला. छत्री मिटून मीही जोरजोरात टाळ्या वाजवल्या. वर बासरी, घंटा, ढोल चालूच होते. पुढचा रथ येईस्तोवर गर्दीतलं कुणी हललं नाही.