इन्स्टॉल झालं, मग दिसून का नाही राहिलं?

लिनक्सवर इन्स्टॉल केलेला कंपायलर (लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारा) दिसत का नाही, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो, नाहीतर क्लासमधे हे तोंडीच सांगून भागतं. नागपुरात प्रतापनगरच्या माझ्या बॅचमधे लॅपटॉपवर लिनक्स टाकलं की पोरांचं पहिलं गाऱ्हाणं हेच, "सर, कंपायलर इन्स्टॉल तर झाला पण कुठंच दिसून नाही राहिला!"

नाहीच दिसणार. विंडोजमुळे सवय लागलेली, इन्स्टॉल झालं म्हणजे डेस्कटॉपवर आयकॉन यायलाच पाहिजे. जीसीसीला (लिनक्सवरचा नेहमीचा सी कंपायलर) आयकॉनच नाही, 1987 मधे रिचर्ड स्टॉलमननं तो बाहेर काढला तेव्हापासून टर्मिनलवर (कमांड टाइप करायची खिडकी) नाव टाइप करूनच चालवतात. टर्मिनल उघडा, जीसीसी लिहून पुढे डॅश डॅश व्हर्जन टाका, नंबर आला की कंपायलर आहे, विषय संपला. तो कुठल्या फोल्डरमधे आहे ते पाहायची हौस असेल तर 'व्हिच जीसीसी' लिहा.

आता 'कमांड नॉट फाउंड' आलं तर लगेच परत इन्स्टॉल करू नका (सगळे तेच करतात). शेल (टर्मिनलमधे तुमची कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) काही पूर्ण डिस्क धुंडाळत नाही, पाथ नावाच्या व्हेरिएबलमधे जेवढे फोल्डर लिहिले तेवढेच बघते, म्हणजे बर्डीच्या बाजारात जायचं, ओळखीच्या चार दुकानांत विचारायचं आणि नाही मिळालं म्हणून घरी यायचं, तसं. उबंटू लिनक्समधे एपीटी या इन्स्टॉल करायच्या कमांडनं बिल्ड-एसेन्शियल (कंपायलरचा संच) टाकलं तर जीसीसी यूएसआर-बिनमधे जातो, ते पाथमधे असतेच. भानगड बाहेरून आणलेल्या कंपायलरची. गो भाषेची टार फाइल (झिपसारखी) यूएसआर-लोकलमधे उघडली तर त्यातलं गो-बिन पाथला आपल्यालाच जोडावं लागतं. रस्ट भाषेचा कंपायलर तुमच्या होम फोल्डरमधल्या डॉट-कार्गोत बसतो, पाथही स्वतःच जोडतो, पण आधीपासून उघड्या टर्मिनलला त्याचा पत्ता नसतो, नवीन उघडा. आणि बॅशआरसीत (शेलची सेटिंगची फाइल) पाथला फोल्डर जोडणारी एक्स्पोर्टची ओळ लिहिताना जुना डॉलर-पाथ ठेवा बरं, नाहीतर फाइलींची यादी दाखवणारी साधी एलएस कमांड पण चालायची नाही.

कंपायलर चालला की पुढची बोंब, स्वतःचा प्रोग्राम चालत नाही. नाव नाही दिलं तर जीसीसी ए-डॉट-आउट नावाची फाइल काढतो (असेंब्लर आउटपुट, युनिक्सच्या अगदी सुरुवातीचं नाव), ती नावाआधी डॉट स्लॅश (म्हणजे 'याच फोल्डरमधली') लावूनच चालवायची, कारण तुम्ही उभे आहात तो फोल्डर पाथमधे नसतो. हे मुद्दाम केलंय. कोणी डाउनलोड्समधे एलएस नावाची खोडसाळ फाइल टाकली आणि तीच चालली तर? मला हे एकदम पटतं, पोरांना कटकट वाटते. सगळ्यात मजा येते कोणी प्रोग्रामचं नाव टेस्ट ठेवलं की, टेस्ट लिहून एंटर मारतो, ना एरर ना आउटपुट, अर्धा तास कोड तपासत बसतो. टेस्ट ही शेलची स्वतःचीच कमांड आहे, ती गुपचूप चालून जाते. डॉट स्लॅश टेस्ट लिहा.

आणि आयकॉन पाहिजेच असेल तर जिनी (कोड लिहायचा एडिटर) टाका, बटण दाबलं की कंपाइल. तोही आतून जीसीसीलाच हाक मारतो, त्यामुळे पाथ बिघडला असेल तर तिथंही 'नॉट फाउंड'च येईल.