सोलापूरची सात वाजून चार मिनिटं

हुतात्मा एक्सप्रेसने पुणं सोडून तासभर होऊन गेला होता. दौंड जवळ आलं होतं, डब्यात चहावाल्याची फेरी चालू होती आणि आत्याचा फोन आला.

"आमचा गेला गं. तुझा आहे का अजून?"

मी खिडकीच्या गजांना गाल टेकवून मागे सूर्याकडे पाहिलं. होता. उसाच्या फडामागे, दोन ढगांच्या मधल्या फटीत अर्धाच उरलेला. घड्याळात सात वाजून आठ मिनिटं झाली होती. आत्याच्या गच्चीवरून जो चार मिनिटांपूर्वी दिसेनासा झाला, तो मला गाडीतून दिसत होता. पुण्यातल्या माझ्या घरून तर तो सात चौदापर्यंत दिसतो. पुणं ते सोलापूर अडीचशे किलोमीटर, आणि तेवढ्यात संध्याकाळ दहा मिनिटं अलीकडे येते.

तारीख होती १९ जून. वर्षातला सर्वात मोठा दिवस सोलापुरात आत्याबरोबर घालवायचा, एवढ्यासाठीच मी निघाले होते. ऑफिसात सांगितलं तेव्हा एकाने विचारलं, "जूनमध्ये सोलापूर? कशाला?" त्याचं उत्तर हेलसिंकीत आहे.

गेल्या जूनमध्ये मी तिकडे, फिनलंडच्या राजधानीत, ताईकडे, म्हणजे आत्याच्या मुलीकडे गेले होते. पहिल्या संध्याकाळी ताईने समुद्रकाठी नेलं. मी आपली पश्चिमेकडे तोंड करून उभी राहिले. साडेनऊ वाजले तरी ऊन भिंतींवर तसंच. ताईने मला खांदे धरून उजवीकडे वळवलं. तिथे जूनमध्ये सूर्य पश्चिमेला मावळतच नाही, वायव्येच्याही पलीकडे, उत्तरेकडे सरकून मावळतो. खाली उतरतानाही तो सरळ येत नाही, क्षितिजाला घासत तिरका तिरका जातो. दहा वाजून पन्नास मिनिटांनी एकदाचा बुडाला आणि मी अंधाराची वाट पाहत बसले. अंधार आलाच नाही. रात्रभर उत्तरेला फिकट उजेड रेंगाळत राहिला आणि तीन वाजून चोपन्न मिनिटांनी सूर्य परत वर. दिवस जवळजवळ एकोणीस तासांचा. त्या आठवड्यात त्यांचा युहान्नुस होता, मध्यउन्हाळ्याचा सण. शहर निम्मं ओस पडतं, माणसं तळ्याकाठच्या लाकडी घरांकडे जातात, पाण्याजवळ मोठाल्या होळ्या पेटवतात. त्या रात्री घरोघरचे राष्ट्रध्वजही उतरवत नाहीत, कारण रात्र अशी होतच नाही.

तेव्हाच आत्याने फोनवर विचारलं होतं, "अगं, मग तिथे दिवा कधी लावता?"

ताईने पटकन सांगितलं, "सातला लावते, आई." पण बाहेर लख्ख ऊन होतं. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सातला लावते ती इथली दिवेलागण नाही आणि तिथलीही नाही. तिथे तेव्हा साडेनऊ झालेले असतात." ते वाक्य माझ्या डोक्यातून वर्षभर गेलं नाही.

आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. शाळेत शिकवायची. तिच्या घराची गच्ची हीच तिची वेधशाळा. जूनमध्ये सूर्य समोरच्या पाण्याच्या टाकीच्या उजवीकडे मावळतो आणि डिसेंबरात पार डावीकडे नारळामागे. कॅलेंडरच्या चौकोनात ती रोज पेन्सिलीने वेळ लिहून ठेवते. सोलापूर हे दाते पंचांगाचं गाव, त्यामुळे सूर्योदय-सूर्यास्ताच्या रकान्यांवर इथल्या माणसांचा जीव असतो असं मला नेहमी वाटतं. आत्याचा तर नक्कीच आहे. दर प्रदोषाला ती सूर्यास्तानंतरच शंकरापुढे बसते, घड्याळाच्या सातला नाही.

२० जूनला संध्याकाळी आम्ही सिद्धेश्वर तळ्यावर गेलो. आभाळ गच्च होतं. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांचं हे देऊळ पाण्याच्या मधोमध आहे, एका बाजूला भुईकोट किल्ल्याची तटबंदी. सूर्य काही दिसला नाही. पाण्याचा रंग मात्र राखाडीतून जांभळ्याकडे गेला आणि आत्या म्हणाली, "आता." मी फोन पाहिला. सात वाजून तीन मिनिटं.

तिच्याबरोबर शेजारच्या काकू आल्या होत्या. त्या जैन, चौविहार पाळतात. सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही. घरून निघायच्या आधीच त्यांचं जेवण उरकलं होतं. त्यांची मुलगी लंडनला असते आणि तीही चौविहार पाळते. "जूनमध्ये तिची चैन असते," काकू म्हणाल्या, "नऊ वाजून एकवीस मिनिटांपर्यंत खायला मोकळी. पण डिसेंबरात तिथे चार वाजायच्या आत मावळतो. ऑफिसात तीन वाजता डबा उघडून रात्रीचं जेवण जेवते पोरगी." त्या हे अगदी साधेपणाने सांगत होत्या. मी ऐकत राहिले. सोलापुरात त्यांचं वर्षभराचं जेवणाचं वेळापत्रक फार तर सव्वा तासाने मागेपुढे होतं. नोव्हेंबरच्या अखेरीला इथे पाच पन्नासला सूर्य जातो आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात सात पाच-सहाला. हो, जुलैत. सर्वात मोठा दिवस जूनचा असला तरी सर्वात उशिराचा सूर्यास्त सोलापूरला दोन आठवड्यांनी येतो, कारण त्या दिवसांत सूर्याची खरी दुपार, म्हणजे तो सर्वात उंच येण्याची वेळ, घड्याळाच्या मानाने रोज थोडी थोडी उशिरा सरकत असते. आत्याच्या कॅलेंडरवर ते स्पष्ट दिसतं. मी ते पुस्तकात वाचलं होतं, तिने पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं.

रात्री जेवायला कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. जेवण झाल्यावर आत्याने नातवाचा जुना नकाशा जमिनीवर पसरला आणि म्हणाली, "आता मला नीट सांग. लंडनला नऊ, हेलसिंकीला अकरा, आपल्याकडे सात. हे असं का?"

मी पट्टी घेतली आणि सोलापुरावरून सरळ उत्तरेला रेघ ओढली. पट्टी इंदूरवरून गेली, जयपूरवरून गेली, हिमालय ओलांडून चीनच्या पश्चिम टोकाला काशगर नावाच्या गावावर पोचली. ही चारही ठिकाणं जवळजवळ एकाच रेखांशावर, शहात्तर अंशाला जरासं कमी. म्हणजे चौघांची खरी दुपार एकाच क्षणी होते. आणि तरी २१ जूनला सोलापूरचा सूर्य ७:०४ ला मावळतो, इंदूरचा ७:१४ ला, जयपूरचा ७:२३ ला आणि काशगरचा, आपल्याच घड्याळाने, ७:५६ च्या सुमारास. पृथ्वीचा आस कललेला आहे आणि जूनमध्ये उत्तर टोक सूर्याकडे झुकलेलं असतं. जितकं उत्तरेला जावं तितका दिवस लांबतो. हिवाळ्यात हीच रांग उलटी होते, तेव्हा जयपूरचा सूर्य आपल्याआधी सुमारे अठरा मिनिटं जातो.

"हे झालं सूर्याचं," मी म्हटलं. "पण काशगरच्या सरकारी घड्याळात तेव्हा किती वाजलेले असतात माहितीये? रात्रीचे दहा सव्वीस."

आत्याने चष्मा वर केला.

चीनने १९४९ पासून सगळ्या देशाला बीजिंगची एकच वेळ लावली आहे. काशगर बीजिंगच्या चाळीस अंश पश्चिमेला. दर अंशाला चार मिनिटं धरली तर दोन तास चाळीस मिनिटांचा फरक आणि तो सगळा तिथल्या माणसांच्या संध्याकाळीवर पडतो. म्हणून तिथले बरेच लोक घरात दोन तास मागची वेळ पाळतात, त्याला शिंजियांगची, म्हणजे तिथल्या प्रांताची वेळ म्हणतात. मला हे फार समजण्यासारखं वाटतं. माणूस दुपार डोक्यावरच्या उन्हावरून ओळखतो, राजधानीवरून नाही.

मग मी आडवी रेघ ओढली. माद्रिद, न्यूयॉर्क, बीजिंग. तिन्ही चाळीस अंश उत्तरेच्या आसपास, तिघांचा जूनमधला दिवस पंधरा तासांचा. आणि सूर्यास्त? बीजिंग ७:४६, न्यूयॉर्क ८:३१, माद्रिद ९:४८. सूर्य तिघांशी सारखाच वागतो, इथे घड्याळं वेगळी आहेत. न्यूयॉर्क आणि माद्रिद उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात, बीजिंग करत नाही. माद्रिद तर लंडनच्याही पश्चिमेला आहे, पण १९४० मध्ये फ्रँकोच्या राजवटीने स्पेनची घड्याळं जर्मनीच्या वेळेशी जुळवली आणि ती तशीच राहिली. तिथे रात्री दहाला जेवायला बसतात याचं आपण नवल करतो, पण तिथल्या सूर्याने पाहिलं तर पावणेआठच झालेले असतात.

"आपल्याकडेही केलं होतं की पुढे," आत्या म्हणाली. "लढाईच्या वेळी. अण्णा सांगायचे." बरोबर. दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ भारताचं घड्याळ तासभर पुढे होतं. अण्णा, म्हणजे माझे आजोबा, गिरणीत होते. त्यांच्यासाठी वेळ म्हणजे भोंगा. भोंगा तासभर आधी वाजायला लागला आणि मावळतीचं ऊन आठापर्यंत लांबलं, एवढंच त्यांना कळलं होतं.

खरं तर आपणही थोडे उसन्या वेळेवर जगतो. १९०६ पासूनची भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांच्या रेखांशाची. सोलापूरचा सूर्य तिच्या सव्वीस मिनिटं मागे चालतो. म्हणून जूनमध्ये इथली खरी दुपार बारा अठ्ठावीसला होते, वरची दोन मिनिटं त्या रोज सरकणाऱ्या दुपारची. ही सव्वीस मिनिटं काढून टाकली, तर आत्याचा सूर्यास्त सहा अडतीसला येईल. उलट कोलकात्यात त्याच दिवशी घड्याळात सहा तेवीसलाच सूर्य मावळतो आणि मुंबईत सात अठराला. एका देशात, एका घड्याळात जवळजवळ तासाचं अंतर. आसामच्या चहाच्या मळ्यांत म्हणूनच तासभर पुढची बागानची वेळ पाळतात.

आत्या नकाशावर बोट फिरवत बराच वेळ बसली. मग म्हणाली, "संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो म्हणतो आपण. ताईकडे किती वाढत असेल?" मी हिशेब केला. सोलापुरात मार्चमध्ये दिवस रोज मिनिटभराने वाढतो, हेलसिंकीत साडेपाच मिनिटांनी. "मग तिथे तीळ नाही, शेंगदाणा," आत्या म्हणाली, आणि ते तिने फोनवर ताईलाही सांगितलं.

२१ जूनला दुपारी पाऊस शिंपडून गेला आणि आभाळ धुतल्यासारखं झालं. रिक्षा करून आम्ही हिप्परग्याच्या तलावावर गेलो. पाणी बरंच आत गेलं होतं, काठावर भेगाळलेला गाळ, त्यात बगळे. ओल्या मातीला उन्हाचा वास होता. मला सोलापूरचा सूर्यास्त याच दिवसांत आवडतो. एप्रिल-मे मध्ये मावळल्यावरही भिंती रात्रीपर्यंत धग टाकत राहतात, तेव्हा त्याच्याकडे बघवत नाही. या दिवशी मात्र शेवटची पाच मिनिटं त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहता आलं. तांब्याच्या परातीसारखा, खालून चपटा. हेलसिंकीत जो घासत घासत गेला, तो इथे जवळजवळ उभा उतरला. पाण्याला टेकला आणि जेमतेम अडीच मिनिटांत गेला. सात वाजून चार मिनिटं.

आत्याने घड्याळ हातात धरून ठेवलं होतं. सूर्यास्तानंतर घड्याळ वाचण्याइतका संधिप्रकाश किती वेळ टिकतो, हे तिला मोजायचं होतं. बगळे उडाले, रस्त्यावरच्या ट्रकांचे दिवे लागले, पाण्यावरची लाली विझली आणि मला तिच्या हातातल्या काट्यांवरची वेळ दिसेनाशी झाली. चोवीस मिनिटं.

"एक घटका," ती म्हणाली.

खरंच, जुन्या हिशेबातली घटका चोवीस मिनिटांचीच. मी आकडा पूर्वी गणिताने काढला होता, पण त्याला हे नाव आहे हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. घरी येऊन तिने दिवा लावला आणि ताईला फोन केला. तिच्याकडे दुपारचे पाच वाजून गेले होते. ती बाल्कनीत गॉगल लावून बसली होती.

"तुझा जाईल तेव्हा मला दाखव," आत्या म्हणाली.

"आई, तुझ्याकडे तेव्हा रात्रीचे एक वाजून वीस मिनिटं होतील."

"होऊ देत."

मला वाटलं झोपेल. पण साडेबारालाच ती गच्चीवर सतरंजी टाकून बसली, अंगावर सोलापुरी चादर. गल्ली निजली होती. एक वाजून दहा मिनिटांनी ताईचा व्हिडिओ कॉल आला. फोनच्या पडद्यावर समुद्र, कातळावर बसलेली माणसं, आणि आपला सूर्य गेल्यावर सहा तासांनीही लालसर होऊन टिकून राहिलेला तोच सूर्य. आत्याने पडद्याजवळ चेहरा नेला. दोघीही बोलल्या नाहीत. तो बुडाला तेव्हा ताई म्हणाली, "आई, आता लावते," आणि आत जाऊन तिने निरांजन लावलं. तिथे अकराला दहा कमी होती. आत्याने हात जोडले.

झोप लागली न लागली तोवर पाच पन्नासला आत्याने हलवलं. पूर्वेला ढग होते, पण त्यांच्या कडा पेटल्या होत्या. पाच त्रेपन्नला टाकीच्या पत्र्यावर पहिलं ऊन पडलं. मी ताईला फोन लावायला निघाले, तर आत्याने हात धरला.

"निजू दे तिला. तिचा अजून अर्ध्या तासाने उगवेल."

खाली जाऊन तिने चहा टाकला. कप पुढे ठेवताना भिंतीवरच्या घड्याळात सहा चोवीस झाले होते. तिने पेन्सिल घेतली, कॅलेंडरवर बावीस तारखेच्या चौकोनात सोलापूरची वेळ लिहिली आणि तिच्याखाली, जरा लहान अक्षरात, ताईची.