मेडन विषयसूची: 'युद्ध'चा ढीग अखेर फुटला

ब्रिटिश हेवी मेटल बँड आयर्न मेडनची सगळी गाणी विषयवार एका तक्त्यात मांडायची, हे ते काम. मागच्या नोंदीत अडलेलं गाडं सुटलं. तेव्हा 'युद्ध' हा शिक्का इतक्या गाण्यांवर बसला होता की १९४० चा वैमानिक ('एसेस हाय'), १८५४ चा घोडेस्वार ('द ट्रूपर') आणि शस्त्रांच्या धंद्यावरचा संताप ('टू मिनिट्स टू मिडनाइट') सगळे एकाच खणात. शतक, देश, लढाई असे पोटभेद पाडूनही उपयोग झाला नाही.

किल्ली निघाली ती 'बोलतंय कोण' या प्रश्नात. १८५४ च्या त्याच हल्ल्यावरची इंग्रज कवी टेनिसनची कविता घोडदळाकडे बाहेरून बघते. बँडचा बासवादक स्टीव्ह हॅरिसचं 'ट्रूपर' खोगिरावर बसून बोलतं आणि त्याच स्वाराबरोबर मरतं. म्हणून 'निवेदक' हा नवा रकाना.

आणि तिथेच पुढची ठेच. 'रन टू द हिल्स'चं पहिलं कडवं मूळ रहिवाशांचं, दुसरं घोडदळाचं, तिसरं बाहेरच्या साक्षीदाराचं. पहिल्या महायुद्धातल्या लढाईवरचं 'पाशेनडेल' अनाम सैनिकाला 'तो' म्हणत सुरू होतं आणि खंदकात उतरताच 'मी' होतं. अंगावर काटा येतो तो नेमका तिथे. तक्त्यात एका गाण्याला एक ओळ हा नियम टिकेना. आता कडव्यागणिक ओळ: ०३-०६-१ म्हणजे तिसरा अल्बम, सहावं गाणं, पहिलं कडवं. या क्रमांकाचा रकाना आधी 'मजकूर' करून घ्या, नाहीतर कॅल्क (तक्त्याचा प्रोग्राम) त्याची तारीख करून टाकतं. गाण्यांची मोजणी पहिल्या दोन आकड्यांवरच करा, नाहीतर 'रन टू द हिल्स' तीनदा मोजलं जातं.

क्रमांक मूळ ब्रिटिश आवृत्तीचेच धरा. तिसऱ्या अल्बमच्या ('द नंबर ऑफ द बीस्ट') १९९८ च्या सीडीत 'टोटल एक्लिप्स' मध्ये घुसल्यामुळे 'हॅलोड बी दाय नेम' आठवरून नऊवर सरकतं. या हिशेबाने १७ अल्बम, १६२ गाणी; त्यांतली ४ नुसती वाद्यांची, म्हणजे शब्दांची १५८. आकडा जुळला, फार बरं वाटलं! 'गेंगिस खान'चं नाव युद्धाचं, पण शब्दच नाहीत, निवेदक कोरा. कडव्यांसाठी सीडीसोबतची पुस्तिकाच वापरा. नेटवरच्या प्रतींत कडवी एकमेकांत मिसळतात आणि निवेदक कुठे बदलला तेच हरवतं.

पुढे 'सेव्हन्थ सन' हा अल्बम घ्यायचा होता, पण हे लिहिता लिहिता आणखी एक रकाना सुचला: लढाईच्या आधी, लढाईत, की नंतर? 'अफ्रेड टू शूट स्ट्रेंजर्स' आधीचं, 'ट्रूपर' ऐन लढाईतलं, 'फॉर्च्युन्स ऑफ वॉर' घरी परतलेल्याचं. 'द आफ्टरमॅथ' तर चिखलातल्या लढाईत सुरू होऊन युद्धानंतर सैनिकाचं काय होतं इथवर पोहोचतं. गायक ब्लेझ बेलीच्या काळातला म्हणून बाजूला टाकला जाणारा 'द एक्स फॅक्टर' हा अल्बम या रकान्यात सगळ्यांत श्रीमंत ठरेल असं दिसतंय. तेव्हा 'सेव्हन्थ सन' थांबेल. आधी 'एक्स फॅक्टर'ची, म्हणजे १९९५ ची अकरा गाणी, कडव्यागणिक.