वीस फेऱ्यांत दोन फेऱ्यांचा फरक

जिप्सी तिसऱ्यांदा ट्रान्स्फर केसचं (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीचं) रबर तोडून आली, तेव्हा मी रबराकडे बघणं सोडलं.

गाडी एमजी ४१३ डब्ल्यू, म्हणजे १.३ लिटर इंजिनची जिप्सी किंग. मूळचे २०५/७० आर १५ टायर काढून २३५/७५ आर १५ घातलेले, पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे हब लॉक, म्हणजे चाक एक्सल शाफ्टला जोडणारे-सोडवणारे खटके. मालकाने ती वापरलेलीच घेतली होती. तक्रार एकच. वेल्ह्याकडच्या कोरड्या दगडी चढावर फोर-व्हील टाकलं की थोड्या अंतरात गाडी आखडते आणि चढ संपला तरी लिव्हर निघत नाही. रिव्हर्समध्ये दोन-चार मीटर घेतली की खालून ‘ठक्’ आवाज येतो, मग सुटते. पावसाळ्यात चिखलात मात्र काहीच त्रास नाही. आधीच्या गॅरेजमध्ये ट्रान्स्फर केस उघडून बेअरिंगं आणि शिफ्टर फोर्क बदलून झाला होता, रबरं दोनदा.

जिप्सीची ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नसते. ती मधल्या छोट्या शाफ्टने जोडलेली असते आणि चॅसीला तीन रबरी माउंटवर टांगलेली असते. पुढचा आणि मागचा प्रॉपेलर (एक्सलकडे जोर नेणारा लांब शाफ्ट) एकमेकांविरुद्ध जोर लावायला लागले की तो पीळ ती पेटी अंगावर घेते आणि रबरं फाटतात. रबर हा आजार नव्हता, आजाराची खूण होती.

चिखलात त्रास नाही आणि दगडावर आहे, या वाक्यातच अर्धं निदान होतं. जिप्सीच्या फोर-व्हीलमध्ये मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या वेगातला फरक सोसणारा गिअरसंच, नाही. लिव्हर टाकली की पुढचा आणि मागचा प्रॉपेलर एकाच वेगाने फिरायला बांधले जातात. चिखलात, वाळूत चाक घसरून तो हिशेब आपोआप मिटवतं. कडक जमिनीवर वळताना थोडं आखडणं अशा कुठल्याही पार्ट-टाइम फोर-व्हील गाडीत होतंच, म्हणून आधीच्या मिस्त्रीने ते नेहमीचं समजलं असावं. पण ही गाडी सरळ रस्त्यावरही आखडत होती.

आधी टेपने चारही टायरचा घेर मोजला. पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर असले तरी असंच होतं, फक्त कमी प्रमाणात. इथे चारही एक सेंटिमीटरच्या आत होते, हवाही सारखी. राहिला रेशो, म्हणजे चाकांच्या एका फेरीला प्रॉपेलरच्या किती फेऱ्या.

एक्सलचं हौसिंग (बाहेरची पेटी) न उघडता रेशो कळतो. गिअर न्यूट्रल, ट्रान्स्फरही न्यूट्रल. एका बाजूचं एकच चाक जॅकवर उचलायचं, दुसरं जमिनीवर आणि ते फिरू नये म्हणून त्याला उटी. उचललेल्या चाकाला आणि प्रॉपेलरच्या फ्लँजला (जोडाच्या तबकडीला) खडूने खूण करायची. एक चाक थांबलेलं असताना दुसरं दोनदा फिरलं की क्राऊन, म्हणजे एक्सलमधलं मोठं दातेरी चाक, एकदा फिरतं. म्हणून चाकाच्या २० फेऱ्या म्हणजे क्राऊनच्या १० आणि प्रॉपेलरच्या फेऱ्या म्हणजे रेशोच्या दहापट. पुस्तकांत दोन फेऱ्यांचीच चाचणी सांगतात, पण ३.९ की ४.१ हे दोन फेऱ्यांत डोळ्यांना नीट दिसत नाही. विसात चूक व्हायला जागा राहत नाही.

मागे मोजलं: ३९ फेऱ्या आणि वर दहाव्या हिश्शाहून किंचित कमी. म्हणजे ३.९०९, जिप्सी किंगचा मूळ रेशो. क्राऊनला ४३ दात, पिनियनला (त्याला फिरवणाऱ्या छोट्या गिअरला) ११.

पुढे मोजायला गेलो तर आकडा कशाशीच जुळेना. प्रॉपेलर मध्येच थांबत होता. चूक आमचीच. जमिनीवरच्या चाकाचा हब लॉक उघडाच राहिला होता. तो उघडा असला की त्या बाजूचा एक्सल शाफ्ट आत मोकळा फिरतो, क्राऊन हलतच नाही. दोन्ही हब लॉक करून पुन्हा मोजलं: ४१ फेऱ्या आणि दहाव्या हिश्शाहून जरा जास्त. म्हणजे ४.१११, ३७ दात आणि ९ दात. हा जुन्या ९७० सीसीच्या जिप्सीचा रेशो.

मालकाला आकडा सांगितला तेव्हा ते म्हणाले, ‘‘अहो, पॉइंट दोनचाच तर फरक आहे.’’ त्यांना हिशेब करून दाखवला. ३.९०९ भागिले ४.१११ म्हणजे ०.९५१. फोर-व्हीलमध्ये मागची चाकं एक किलोमीटर चालतात, तेवढ्यात पुढची ९५१ मीटरच चालायला मागतात. उरलेले ४९ मीटर कुठेतरी टायर घासून भागवायचे. ते घासता आले नाहीत, तर शाफ्ट, क्रॉस (प्रॉपेलरचे सांधे), ट्रान्स्फरचे दात आणि शेवटी रबरं पिळून. पुढचा एक्सल ब्रेकसारखा मागे ओढत होता. रिव्हर्स घेतल्यावर तो पीळ उलगडायचा, म्हणून लिव्हर सुटायची. टू-व्हीलमध्ये आणि हब उघडे असताना हा दोष अजिबात दिसत नाही, त्यामुळे आधीच्या मालकालाही कदाचित कळला नसेल. ४.०९ आणि ४.१० असा फरक असता तर मी हात लावला नसता. तेवढं जमीन सोसते. पाच टक्के नाही.

पुढचं हौसिंग मात्र मूळचंच होतं. जुन्या, अरुंद जिप्सीचा अख्खा एक्सल घातला असता तर ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर) ९० मिलिमीटरने कमी भरला असता, म्हणजे चाक दर बाजूला ४५ मिलिमीटर आत. फटकन दिसलं असतं. इथे फक्त आतला डिफरन्शियल संच बदललेला होता. जिप्सीत तो अख्खा बाहेर निघतो, त्यामुळे हे काम कुणीही दुपारपुरतं उरकू शकतं. आणि तीच अडचण आहे. जुन्या जीपच्या डॅना ४४ मध्ये मागचं झाकण काढून जागेवरच शिम (पातळ चकत्या) लावत बसावं लागतं, म्हणून तिथे माणूस दात मोजल्याशिवाय हात घालत नाही.

आता करायचं काय? पुढे ३.९०९ घालून मूळ अवस्थेत आणायची, की मागेही ४.१११ घालायचा? पहिलं स्वस्त. पण टायर बघा. २०५/७० चा व्यास ६६८ मिलिमीटर, २३५/७५ चा सुमारे ७३३. जवळजवळ १० टक्के वाढ, तेवढी गाडी ‘उंच गिअर’ची झालेली. पाचव्यात, ताशी ८० ला मूळ टायरवर इंजिन साधारण २७८० फेऱ्यांवर असतं. मोठ्या टायरवर ३.९०९ ठेवला तर २५३५, आणि ४.१११ घातला तर २६६५. पहिल्या लो गिअरमध्ये एकूण रेशो ३२.४ वरून ३४ वर जातो. टायरने खाल्लेलं सगळं परत मिळत नाही, निम्मं मिळतं. चढावर क्लच वाचवायला ते पुरतं. मी ४.१११ सुचवला.

त्यांनी ९७० सीसीच्या ट्रान्स्फरबद्दलही विचारलं. तिचा हाय रेशो १.५८० आणि लो २.५११ असतो, किंगचा १.४०९ आणि २.२६८. ट्रान्स्फरमधला बदल पुढे-मागे सारखाच लागतो, तेव्हा त्याने नवी विसंगती येत नाही. पण असलेली जातही नाही. आधी एक्सल एक करायचे, मग पुढचा विचार.

दुसरा ४.१११ कुर्ल्याच्या भंगार बाजारातून आला. तिथे संच घेताना मी चार गोष्टी बघतो. क्राऊनचे दात बोटाने मोजायचे, दुकानदाराच्या तोंडावर विसंबायचं नाही. साइड गिअरची स्प्लाइन (शाफ्ट अडकतो त्या खाचा) मोजायची: जुन्या गाड्यांत २२, नंतरच्यांत २६, २२ वाल्यात आपला २६ चा शाफ्ट जाणार नाही. पिनियनचा नट मूळ ठोकलेल्या अवस्थेत आहे का बघायचं. नटावर छिन्नीचे नवे घाव दिसले तर संच तिथेच ठेवायचा. आणि फ्लँज हाताने वर-खाली हलवून बघायची. गोल फिरताना थोडा खेळ चालतो, वर-खाली अजिबात नाही.

मालकाची इच्छा होती की फक्त क्राऊन-पिनियन काढून आपल्या जुन्या संचात टाकावी. मी नकार दिला. पिनियनची खोली शिमने ठरते, बेअरिंगचा ताण चेपणाऱ्या स्पेसरने. तो स्पेसर एकदा चेपला की पुन्हा वापरता येत नाही. अख्खा संच बसत असताना तो खोलणं म्हणजे चांगलं घड्याळ उघडून बघणं. आम्ही फक्त डायल गेज लावून क्राऊनचा खेळ मोजला: ०.१३ मिलिमीटर. ०.१० ते ०.१५ मध्ये असला की मी समाधानी असतो. दातांना ग्रीसमध्ये कालवलेला रंग लावून फिरवलं, ठसा दाताच्या मधोमध आला, टोकाला किंचित झुकलेला.

आता मला खटकलेला मुद्दा. कोणता संच पुढे आणि कोणता मागे? दोन्ही जागी तोच संच बसतो, पण पुढे तो उलटा वळवून बसतो, त्यामुळे गाडी पुढे जाताना मागचा क्राऊन दाताच्या पोटावर चालतो, तर पुढचा दाताच्या उलट्या बाजूवर, म्हणजे पाठीवर. मागे लाखभर किलोमीटर चाललेल्या संचाची पोटाची बाजू झिजलेली असते, पाठ जवळजवळ कोरी. असा संच पुढे गेला तर निभावतो. पुढून आलेला मागे घातला तर तो पोटाच्या बाजूने कमी चाललेला निघतो. गाडीतला ४.१११ पुढेच होता, तो तिथेच ठेवला. कुर्ल्याचा मागे गेला.

मागचं काम सरळ आहे. चाक, ड्रम, बॅकप्लेटचे चार नट, मग सरकत्या हातोड्याने शाफ्ट बाहेर. पोऱ्याने डावा शाफ्ट तिरका ओढला आणि तेलाच्या सीलची कड कापली गेली. तसंही दोन्ही सील नवीच लावायची होती. जुनी सील नवी दिसली तरी शाफ्ट काढल्यावर परत लावू नयेत, आठवड्याने ब्रेक लायनरवर तेल येतं. प्रॉपेलरच्या फ्लँजवर खूण करूनच बोल्ट सोडले. हौसिंगच्या आत तळाशी काळा चिखल होता, डिझेलने दोनदा धुतला. ब्रीदर, म्हणजे हवा सोडणारं तोंड, मातीने बुजलेला होता. तो बुजला की गरम हवा बाहेर पडायला सीलचाच रस्ता शोधते. संच बसवताना तोंडावर पातळ सीलंट, बोल्ट समोरासमोर आवळले, दीड लिटर हायपॉइड ९० नंबर तेल.

पुढचाही काढून बघितला, कारण दोन हंगाम तो ब्रेकसारखा चालला होता. हब खोलत बसलो नाही. टाय रॉड सोडवला, नकलच्या (चाकासकट वळणाऱ्या सांध्याच्या) मागच्या सीलच्या रिंगचे आठ बोल्ट काढले, तो ज्यांवर वळतो ते वरचा-खालचा किंगपिन काढून नकल शाफ्टसकट दहा-बारा सेंटिमीटर बाहेर ओढला. किंगपिनखालच्या शिम चार वेगळ्या डब्यांत, डब्यांवर ‘डावा वर’, ‘डावा खाली’ असं लिहून. या मिसळल्या की स्टेअरिंग थरथरायला लागतं आणि कारण कुठे शोधायचं ते कळत नाही. दात शाबूत निघाले. पुढच्या प्रॉपेलरचा एक क्रॉस मात्र खडखडत होता, तो बदलला. पुढे दोन लिटर तेल. ट्रान्स्फरची तिन्ही रबरं नवी.

बंद करण्याआधी पुन्हा खडू. मागे ४१ फेऱ्या आणि थोडं, पुढे ४१ फेऱ्या आणि तेवढंच थोडं.

चाचणीला टेकडीवरच्या मुरमाड चढावर नेली. फोर-व्हील लो, सरळ दोनशे मीटर, वर पोचल्यावर लिव्हर दोन बोटांनी बाहेर आली. वीस किलोमीटरनंतर दोन्ही हौसिंगला हात लावला: कोमट, हात ठेवता येईल इतपत. ताशी ५५ च्या आसपास पाय उचलला की मागून बारीक हुंकार येतो, ॲक्सिलरेटर दाबल्यावर जातो. पाय उचलल्यावर दाताची पाठ चालते, आणि कुर्ल्याच्या संचाची पाठ तेवढी गुळगुळीत नाही. मालकाला ते आधीच सांगून ठेवलं. स्पीडोमीटर ट्रान्स्फरवरून चालतो, तेव्हा काटा ८० दाखवेल तेव्हा गाडी साधारण ८३ ला असेल, हेही सांगितलं.

निघालेला ३.९०९ संच तेल लावून, पिशवीत बांधून त्यांच्याच हवाली केला. आणि दोन्ही हौसिंगवर पिवळ्या रंगाने लिहिलं: ३७/९.