सोलापूर ते येरवडा : भावाची भेट आणि कॅन्टीनची मनीऑर्डर

आईने शेंगाचटणीचा डबा आदल्या रात्रीच भरून ठेवला होता. उखळात कुटलेली, तेल सुटलेली, आणि सोबत फडक्यात बांधलेल्या चार कडक भाकऱ्या. "आत घेत नाहीत गं," असं मी दोनदा सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि डबा माझ्या पिशवीत ठेवला. मीही काढला नाही.

माझा धाकटा भाऊ आठ महिने सोलापूरच्या जिल्हा कारागृहात कच्चा कैदी होता. दिवाळीनंतर शिक्षा लागली आणि त्याला पुण्याला, येरवडा मध्यवर्ती कारागृहात हलवलं. त्यानंतरची ही माझी पहिली भेट. आम्ही कुंभारीला गोदूताई परुळेकर नगरात राहतो, आई विड्या वळते. आमच्यासारखी घरं इथे पुष्कळ आहेत आणि या गोष्टी कुणी कुणाला उघड विचारत नाही, म्हणून सगळं खुलासेवार लिहिते आहे.

सकाळी साडेसहाची हुतात्मा एक्सप्रेस पकडली. सोलापूरच्या ज्या चौघांच्या नावाने ही गाडी धावते ते मल्लप्पा धनशेट्टी, किसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगातच फाशी दिलं. चार पुतळ्यांच्या चौकातून रोज जाणारी मी, पण त्या गाडीत बसून त्याच तुरुंगाकडे निघाल्यावर ते नाव वेगळंच ऐकू आलं.

पुणे स्टेशनवरून मेट्रोने येरवड्याला उतरता येतं, पुढे रिक्षा. भेटीची नोंद मी आधीच ई-मुलाकातच्या संकेतस्थळावर केली होती. त्यात बंद्याचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव आणि तुमचं नातं अचूक भरा. माझ्या पुढच्या बाईंनी घरातलं हाकेचं नाव टाकलं होतं, त्यांचा अर्धा तास त्यातच गेला. मूळ आधार कार्ड जवळ हवं. मोबाइल आत चालत नाही, तेव्हा लागणारे नंबर कागदावर लिहून न्या. रविवार आणि सरकारी सुट्टी टाळा.

डबा झडतीच्या टेबलापाशीच थांबला. तिथल्या शिपाईबाई वयाने आईएवढ्या. त्यांनी झाकण उघडून वास घेतला, "सोलापूरची ना?" म्हणाल्या आणि बंद करून परत दिला. मला राग आला नाही. बाहेरचा एक डबा आत सोडला तर दुसरा कसा अडवणार?

आता मुख्य गोष्ट. आतल्या माणसाच्या हातात रोकड जात नाही, आणि कुणाकडे सापडली तर तो गुन्हा धरतात. तुम्ही पाठवलेले पैसे कारागृहात त्याच्या नावाच्या खात्यावर जमा होतात. त्या खात्याला तिथे 'खासगी रक्कम' किंवा 'पीपीसी' म्हणतात. तो कॅन्टीनमधून साबण, खोबरेल, बिस्किटं, फरसाण, पाकिटं-तिकिटं असं काही घेतो आणि तेवढी रक्कम खात्यातून वजा होते. महिन्याला किती खर्च करता येतो याला मर्यादा असते. २०२१ साली मुंबईच्या आर्थर रोड कारागृहातल्या एका नामवंत घरच्या मुलाला साडेचार हजारांची मनीऑर्डर आल्याची बातमी गाजली, ती तेव्हाची मर्यादा होती. पुढे ती वाढवली गेली. चालू आकडा भेटीच्या खिडकीवर विचारून घ्या आणि त्याहून जास्त पाठवू नका. गरीब घरांना त्या मर्यादेशी तसाही संबंध येत नाही. आम्ही दोन हजार पाठवतो.

आमची चूक इथेच झाली. त्याला हलवल्याचं कळल्यावर मी घाईने पोस्टात जाऊन मनीऑर्डर केली. पत्त्यात नाव बरोबर, कारागृह बरोबर, पण बंदी क्रमांक सोलापूरचा टाकला. नव्या ठिकाणी नवा क्रमांक मिळतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पैसे तीन आठवड्यांनी परत आले. सोलापूरच्या खात्यातली शिल्लक अजून त्याच्यापर्यंत पोहोचली नव्हती, त्यामुळे ते तीन आठवडे त्याने शेजारच्याच्या साबणावर काढले. भेटीत हे सांगताना तो हसत होता, मला मात्र काच फोडून आत जावंसं वाटलं.

तेव्हा आधी क्रमांक मिळवा, मग पोस्टात जा. पत्ता असा लिहा: बंद्याचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, नवा बंदी क्रमांक, मार्फत अधीक्षक, येरवडा मध्यवर्ती कारागृह, पुणे ४११००६. पाठवणाऱ्याच्या जागी दरवेळी एकाच माणसाचं नाव ठेवा, म्हणजे आत त्याला पैसे कुणाचे हे पटकन कळतं. पोस्टाचं कमिशन दर वीस रुपयांना एक रुपया. दोन हजारांवर शंभर. आईला ते शंभर फार लागतात, कारण विड्या मोजून त्यांचा हिशेब तिला लगेच करता येतो. पण पोस्टाची पावती हातात राहते. ती वर्षभर जपून ठेवा. पैसे जमा झाले नाहीत तर खिडकीवर तीच दाखवायची असते.

फाटकाबाहेर मला एक माणूस भेटला. "ताई, पैसे द्या, आजच्या आज पोरापर्यंत पोहोचवतो, कमिशन पोस्टाएवढंच." मऊ बोलणारा होता, आणि चार तासांचा प्रवास करून आलेल्या बाईला ते खरं वाटायला वेळ लागत नाही. असल्या कुणाच्याही हातात दमडी देऊ नका. पैसे बुडतात ते बुडतात, आणि खरंच आत गेले तर झडतीत आपलाच माणूस अडकतो.

रस्त्यालगत कारागृहाच्या वस्तूंचं विक्री केंद्र आहे. कैद्यांनी केलेलं फर्निचर, कापड तिथे मिळतं. ते बाहेरच्या गिऱ्हाइकांसाठी आहे, कॅन्टीनचे पैसे तिथे भरता येत नाहीत. मी तिथे जाऊन विचारून आले, तुमचा फेरा वाचावा.

सोलापुरात असताना आमचं काम सोपं होतं, हे मला पुण्यात उमगलं. १८९४च्या कारागृह कायद्याचं कलम ३१ कच्च्या कैद्याला स्वतःचे कपडे, अंथरूण बाहेरून घ्यायची मुभा देतं, अर्थात तपासणी करून. मी दर पंधरा दिवसांनी त्याचे धुतलेले शर्ट पोहोचवायचे. फक्त त्यातलं काही दुसऱ्या कैद्याला देता किंवा विकता येत नाही, कलम ३२ तसं सांगतं, हे आपल्या माणसाला आधीच बजावून ठेवा. शिक्षा लागली की कपडे सरकारी. घरून हक्काने पोहोचवायचं म्हणजे उरते ती मनीऑर्डर, आणि पत्र.

आणि त्याची स्वतःची कमाई. शिक्षा झालेल्याला काम मिळतं, कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा प्रतीनुसार मजुरी ठरते आणि तीही त्याच्या नावावर जमा होते. त्याला विणकामाच्या विभागात घातलंय. अकरा वर्षं अक्कलकोट रोडच्या कारखान्यात यंत्रमाग चालवलेला पोरगा. फोनच्या रिसीव्हरमधून म्हणाला, "आक्का, इथला माग आपल्याकडच्यापेक्षा हळू चालतो." त्याच्या आवाजात आठ महिन्यांत पहिल्यांदा कामाची गोष्ट होती.

वीस मिनिटं मिळाली. प्रश्न कागदावर लिहून नेले होते ते बरं झालं: नवा क्रमांक, खात्यात किती शिल्लक, कॅन्टीन कुठल्या वारी, चप्पल तुटली का, वकिलाचा कागद मिळाला का. निम्मा वेळ त्यात गेला आणि उरलेल्या वेळात आम्ही नुसते एकमेकांकडे बघत होतो. पहिल्यांदा पैसे जमा होतील तेव्हा काय घेणार असं मी विचारलं. साबण, खोबरेल, आणि आईला लिहायला दहा आंतर्देशीय पत्रं, म्हणाला.

संध्याकाळी सहाच्या हुतात्माने परत निघाले. कुर्डुवाडीच्या अलीकडे समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्या जोडप्याबरोबर डबा उघडला. घरी पोहोचायला अकरा वाजले, आई जागीच होती. डबा रिकामा बघून तिचा चेहरा उजळला. मग मी खरं सांगितलं, आणि नवा क्रमांक तिच्या विडी कार्डाच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून दिला. सोमवारी आम्ही दोघी पोस्टात जाणार आहोत.